टाकी, मास्तर आणि मी

“फक्त पीपीएल?”

काउंटरमागच्या मुलीनं विचारलं. पैठण्यांच्या दुकानात गादीवर ऐसपैस बसून, दोनदा चहा घेऊन, शेवटी ‘फॉल-पिको करून मिळेल का हो?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार जसा बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

“पण पुढे सीपीएल करणारच ना, सर?”

“नाही.”

“मग... हौस म्हणून?”

‘हौस’ हा शब्द तिनं इतक्या सांभाळून उच्चारला, की माझी पंचावन्न वर्षं एकदम माझ्या अंगावर आली.

तिचंही चुकत नव्हतं. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स. विमान स्वतः चालवायचं, शेजारी बायकोला नाहीतर मित्राला बसवायचं, पण कुणाकडून रुपयाही भाडं घ्यायचं नाही. त्याला नियमानं किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. सीपीएल, म्हणजे पोटापाण्याचं लायसन्स, २०० तासांचं. मला सांगण्यात आलेले दर ताशी बारा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत होते. आता ज्याचा २०० तासांचा फॉर्म भरून घ्यायचा, त्याला मुलगी हसून पाणी देणार; ४० तासवाल्याला कूलर कुठे आहे ते दाखवणार. मला कूलर दाखवला.

हे खूळ डोक्यात आलं ते सोलापूर रस्त्यावर. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी हडपसरमार्गे जात-येत होतो आणि तिथे सरकारी ग्लायडिंग सेंटर होतं. जमिनीवरच्या विंचनं तारेनं ओढून वर सोडलेलं ते बिनइंजिनाचं पांढरं विमान डोक्यावरून आवाज न करता सरकायचं. खाली मी बसच्या दांड्याला लोंबकळत, खिशात कॅश सेफची किल्ली. त्या विमानात बसलेल्या माणसाला आत्ता कुणी ‘साहेब, जरा सही’ म्हणू शकत नाही, हा विचार मनात आला आणि मग तो गेलाच नाही. पुढे तीस वर्षं मी कर्जं दिली, वसूल केली, काही बुडवलीही. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जेवताना सहज म्हटल्यासारखं घरात जाहीर केलं.

बायको म्हणाली, “आधी गच्चीवरचा सोलर दुरुस्त करा. मग आकाशात जा.”

तिच्या तोंडून गच्ची निघाली म्हणून मी कांदिवलीच्या अमोल यादवांचं उदाहरण दिलं. त्यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अख्खं विमान बांधलं, २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. बायकोनं शांतपणे विचारलं, “आणि त्यांचा सोलर चालू होता?” संसारात असे प्रश्न येतात, ज्यांची उत्तरं प्रदर्शनात मांडलेली नसतात.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी लिफ्टमध्येच सुरुवात केली. “विमान काय, आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर उडवलं होतं.” ही गोष्ट सांगतात खूप जण, पाहिलेला मला अजून कुणी भेटलेला नाही. मी म्हटलं, “सर, तळपदे कुठल्या क्लासला गेले होते ते सांगा. मी तिथेच नाव घालतो.” ते तिसऱ्याच मजल्यावर उतरले. आम्ही पाचव्यावर राहतो.

पण प्रश्न तोच होता. क्लास कुठला?

एके काळी याचं उत्तर सोपं होतं. जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातलं एक नंबरचं लायसन्स मिळालं. नंबर १, म्हणजे अक्षरशः कागदावर ‘१’. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, ते कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन आले तेही जुहूलाच. आता जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरं. शेजारच्या विमानतळावरच्या मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ पोरांना चकरा मारायला जागा कुठली उरणार? त्या क्लबचं उड्डाणाचं शिक्षणही धुळ्याला गेलं. पुण्यात लोहगाव, पण ते हवाई दलाचं. तिथे सुखोईच्या मागे नंबर लावून शिकणं माझ्या स्वभावाला झेपलं नसतं. त्यामुळे हल्ली महाराष्ट्रात विमान शिकायचं तर धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया, नागपूर, बारामती अशी एसटीच्या पाटीवर शोभणारी नावं वाचावी लागतात. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियानं ३४ विमानांची स्वतःची शाळा जाहीर केली, पण ती एअरलाइनच्या पोरांसाठी. हौशी माणसानं तिथे जाणं म्हणजे पोलीस भरतीच्या मैदानावर मॉर्निंग वॉकला जाणं.

मुख्याध्यापकांनी एक दिवस पेपरचं कात्रण आणून दिलं, विजयी मुद्रेनं. डीजीसीएनं, म्हणजे विमान खात्यानं, ऑक्टोबर २०२५ पासून उड्डाणशाळांची प्रतवारी लावली. पहिल्याच निकालात वरच्या श्रेण्यांत एकही शाळा नाही. सगळ्या खालच्या दोन श्रेण्यांत. “शाळाच काठावर पास!” त्यांचा आवाज कापत होता. चाळीस वर्षं निकाल लावलेल्या माणसाला असा निकाल म्हणजे दिवाळी. “माझ्या शाळेत निदान दोन तरी फर्स्ट क्लास यायचे हो.”

मी ठरवलं की निकाल बाजूला ठेवायचा आणि आपली पद्धत वापरायची. बँकेत मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे स्टॉक तपासणी. कर्जदार जे कागदावर दाखवतो ते गोदामात आहे का, हे जाऊन बघणं. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका तेलगिरणीत गेलो होतो. चाळीस पिंपं, ओळीनं, सगळी काठोकाठ. मी बोट बुडवलं, वास घेतला, उत्तम शेंगदाणा तेल, आणि सही केली. सहा महिन्यांनी कळलं की वर दोन बोटं तेल होतं आणि खाली नुसतं पाणी. त्या दिवसापासून मी वरवर बघत नाही. निदान तसं मी समजत होतो.

पहिल्या शाळेत, जिथे ‘हौस’ झाली, तिथलं रिसेप्शन इतकं गार होतं की बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरली. भिंतीवर ढगांचं पोस्टर, टेबलावर काचेतलं विमान, सिम्युलेटरसमोर सेल्फी काढायला खास गोल दिवा. माहितीपत्रकात ‘११ विमानांचा ताफा’. मी म्हटलं, दाखवा.

हँगरमध्ये मी बोटांवर मोजू लागलो. बाहेर तीन उभी. आत पाच. पैकी एकाला पंखा नव्हता. एकाच्या नाकाला ताडपत्री बांधली होती आणि शेपटाच्या फटीतून सुतळीचं टोक लोंबत होतं, चिमणीचं काम. एक पुढच्या चाकाच्या जागी लाकडी ठोकळ्यावर टेकलेलं, देवळाबाहेर गुडघे दुमडून बसल्यासारखं.

“उरलेली तीन?”

“सर, इंजिन ओव्हरहॉलला गेलीयेत.”

“कधी?”

“मी जॉइन झाले तेव्हा गेलेलीच होती.”

“आणि तुम्ही कधी जॉइन झालात?”

“दोन वर्षं झाली.”

हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही खातं एनपीए करायचो. इथे दोन वर्षं न उडालेलं विमान अजून ताफ्यात धडधाकट होतं. फी मात्र एकरकमी, आगाऊ. आज भरली तर पाच टक्के सूट. मी एकतीस वर्षं ज्याला भेटेन त्याला सांगत आलो की माल ताब्यात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तरी खोटं कशाला बोलू, चेकबुक माझ्या हातात आलं होतं. त्या गार हवेत, ढगांच्या पोस्टरखाली, पाच टक्के म्हणजे किती होतात याचा मी हिशेब करत होतो. वाचलो तो लघवीला लागली म्हणून. स्वच्छतागृह इमारतीच्या मागे होतं, आणि तिथे चहाची टपरी होती.

टपरीवर आठ-दहा पोरं. पांढरे शर्ट, खांद्यावर एक-एक सोनेरी पट्टी, हातात कटिंग. बाकावर एकजण चक्क झोपला होता, तोंडावर नॅव्हिगेशनचं पुस्तक घेऊन. यांच्यात ओळख करून घ्यायची पद्धत वेगळी आहे. नाव-गाव नाही, थेट “किती तास झाले?” एकाचे बासष्ट झाले होते. मी म्हटलं, वा! तो म्हणाला, “चौदा महिन्यांत, काका.” तो लातूरचा निघाला. बापानं जमीन गहाण ठेवलेली. कुठल्या बँकेत ते मी विचारलं नाही.

“काका, एक सांगू का? विमानं किती आहेत ते विचारू नका. काल किती उडाली ते विचारा.”

चहा पोळला. मी शेवटी पिंपात बोटच बुडवत होतो. उभी पिंपं मोजत होतो! ज्याचं काम उडणं, त्याचा स्टॉक उभा असताना मोजायचाच नसतो, हे एकवीस वर्षांच्या पोरानं मला सहा रुपयांच्या चहावर शिकवलं. (तो चहा मात्र मी पाजला.)

तिथून पुढे मी रिसेप्शनला जाणंच सोडलं. गावात उतरलं की आधी टपरी. पोरं सगळं सांगतात, कारण त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. कुठे मास्तर टिकत नाहीत. शिकवणारा स्वतःच सव्वीस वर्षांचा, एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघत तास जमवणारा, फोन आला की तुमचं लँडिंग अर्धवट शिकवून जातो, आणि नवा मास्तर पहिल्या दिवशी म्हणतो, “हे कुणी शिकवलं तुला?” कुठे विमानं आहेत, मास्तर आहेत, पण विमानतळ गर्दीचा. तिथला हिशेब ऐकून माझ्यातला बँकवाला उठून बसला. शिकण्याचा तास मोजतात तो चाकामागचा ठोकळा काढल्यापासून परत ठोकळा लावेपर्यंत. म्हणजे मोठ्या विमानाला वाट द्यायला तुम्ही धावपट्टीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं घरघरत उभे राहिलात, तर तीही तुमच्या खात्यात. रिक्षाचं वेटिंग, फक्त ताशी पंधरा हजारानं. उलट जिथे दिवसभर चिटपाखरू उतरत नाही तिथे मीटर वाचतो, पण मग रेडिओवर बोलायची सवय होत नाही आणि पुढे कधी मुंबईच्या कंट्रोलरशी गाठ पडली की दातखीळ बसते.

एका ठिकाणी तर साहेबांनी मला आत नेऊन खाजगीत सांगितलं, “तुम्ही काळजी करू नका. तास थोडे कमी पडले तर बघू काहीतरी.” मी उठलोच. ‘बघू काहीतरी’ या दोन शब्दांनंतर वसूल झालेलं एकही कर्ज मला आठवत नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेले वैमानिक पकडले गेले होते, तेव्हा मी पेपर वाचून हळहळलो होतो. आता मी स्वतःच तसा वैमानिक होणार होतो. लबाडी करून फसवणार कुणाला, तर दोन हजार फुटांवर एकट्या बसलेल्या मला.

रात्री भाच्याचा फोन यायचा, फिनिक्सहून. त्यानं तिकडे हे लायसन्स काढलंय आणि तो मला खिजवायची एकही संधी सोडत नाही. “मामा, इथे आधी थोडे पैसे घेऊन एक चक्कर मारून आणतात, कंट्रोल हातात देतात. आवडलं तर मग फॉर्म.” आपल्याकडे मी विचारलं तिथे क्रम उलटा होता, आधी फॉर्म, मग पैसे, मग मेडिकल, मग शिकाऊ परवाना, आणि मग आवडून घ्यायचं. पण एक गोष्ट त्यानं कामाची सांगितली. किमान तास तिकडेही चाळीसच आहेत, आणि त्याला लागले बहात्तर. हा चाळीस म्हणजे सेलच्या पाटीवरचा ‘५९९ पासून पुढे’ मधला ५९९. त्या किमतीचा शर्ट असतो, पण आपल्या मापाचा नसतो.

मापाचं निघालंच.

शेवटची शाळा मला टपरीवरच्या पोरांनीच सांगितली. गाव सांगत नाही. तालुक्याचं आहे आणि पंधरा वर्षांपूर्वी मी तिथल्या शाखेत तीन वर्षं काढली आहेत, एवढं पुरे. पत्र्याची शेड. रिसेप्शन नाही. टेबलामागे मुख्य मास्तर. चांगला भरलेला गडी, साठीचा, मिशा पांढऱ्या. माझ्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एक नजर टाकून त्यांचा पहिला प्रश्न:

“साहेब, वजन किती?”

याआधी पाच शाळांनी मला विचारलं होतं, पैसे कसे भरणार. वजन कुणीही नाही. एकीनं तर ‘सर, यू आर सो फिट’ म्हटलं होतं.

“अठ्ठ्याऐंशी,” मी म्हणालो. पासपोर्टवर नसलेल्या गोष्टी माणूस जशा सांगतो तसा.

“या.” कोपऱ्यात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा होता. मी बूट काढू लागलो. “बूट घालूनच उडणार ना? मग राहू द्या.” काटा चौऱ्याण्णववर थांबला. मी पोट आत घेतलं. त्यांनी थांबून बघितलं आणि म्हणाले, “त्यानं फरक पडत नाही. मीसुद्धा करून पाहिलंय.” मग स्वतः चढले. नव्वद.

लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे त्यांनी गणित मांडलं. सेसना १५२. दोन आसनांचं, पंख वर असलेलं, ११० अश्वशक्तीचं. ही विमानं १९७७ ते १९८५ एवढीच बनली. म्हणजे त्यातलं सगळ्यात लहान शेंडेफळसुद्धा मी बँकेत लागायच्या आधीचं. सगळं धरून ते जमिनीवरून उचलू शकतं ७५७ किलो. त्यांचं विमान रिकामं भरतं ५२०. अधिक चौऱ्याण्णव, अधिक नव्वद. “उरले त्रेपन्न. टाकीत मावतं साधारण अठ्ठ्याण्णव लिटर, त्याचे होतात सत्तर किलो. म्हणजे पूर्ण टाकी, मी आणि तुम्ही, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी वर जातील.”

“मग?”

“मग टाकी सत्तर लिटर. तास-दीड तासाला रग्गड झाली. मे महिन्यात मात्र सकाळीच यायचं, कारण उन्हानं हवा विरळ होते आणि हे बिचारं धापा टाकतं. किंवा,” त्यांनी माझ्याकडे आणि मग स्वतःकडे पाहिलं, “आपल्यापैकी कुणीतरी भात सोडायचा.”

मी विचारलं, विमानं किती. “दोन उडतात. तिसरं आम्ही पार्टसाठी खातो.” काल किती उड्डाणं? उत्तर न देता त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. नऊ नोंदी, वेगवेगळ्या शाईच्या, एक खोडलेली आणि खोडलेल्यावर सही. खाडाखोड प्रमाणित केलेलं रजिस्टर पाहून माझा गळा दाटून आला. पैसे दहा-दहा तासांचे, उडाल तसे. मागे मेकॅनिक उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. एक पोरगा तीनदा येऊन गेला, “दादा, झालं का?” दादांनी मान वर केली नाही. “झालं की सांगतो.” मला त्या तीन शब्दांत जेवढा भरवसा वाटला तेवढा अकरा विमानांच्या माहितीपत्रकात वाटला नव्हता. मी तिथेच फॉर्म भरला. वजनाच्या रकान्यात ९४ लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

मेडिकलचं फार सांगण्यासारखं नाही. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, कानात शिट्ट्या वाजवल्या, ईसीजी काढला आणि गोड कमी करा म्हणाले, जे ते विमान न चालवणाऱ्यांनाही म्हणतात. शिकाऊ परवान्याच्या तोंडी परीक्षेत मास्तरांनी विचारलं, दोन विमानं आडव्या वाटांनी एकमेकांजवळ येत असतील तर थांबायचं कुणी? मी पुण्याच्या सवयीनं म्हणालो, “जो घाबरेल तो.” नियम असा की उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, आणि समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. जन्मभर डावीकडून गाडी चालवलेल्या माणसाला हे रात्री झोपेतसुद्धा घोकावं लागतं. बायको सांगते, मी घोकतो.

पहिला दिवस. पहाटे सहा. धुकं. पाच किलोमीटर दिसल्याशिवाय निघायचं नाही, आणि मला समोरची टपरी धूसर दिसत होती. बसलो. दुसरा दिवस, वारा आडवा. बसलो. तिसऱ्या दिवशी दादांनी ‘झालं की सांगतो’ म्हटलं आणि सांगितलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर मी टपरीवरच्या पोरांत इतका मुरलो होतो की एकानं मला गृहकर्जाचा व्याजदर विचारला. एक सांगतो, थांबवणाऱ्या शाळांतसुद्धा दोन जाती असतात. एक विमान नाही म्हणून थांबवते, एक हवा नाही म्हणून. बाकावर बसलेल्याला फरक कळत नाही, रजिस्टर वाचणाऱ्याला कळतो.

चौथ्या दिवशी आभाळ निवळ होतं. मास्तरांनी मला विमानाभोवती फिरवलं. पंखाची फळी हलवून बघ, तेलाची काडी पुसून बघ, शेपटाच्या फटीत चिमणी नाही ना बघ. मग त्यांनी एक पारदर्शक नळी माझ्या हातात दिली, पंखाच्या पोटाखाली एक टोचणी दाबायला लावली आणि नळीत घोटभर पेट्रोल काढलं. एव्हीगॅस; निळं, पातळ, नीळ घातलेल्या पाण्यासारखं.

“खाली काय दिसतंय?”

“काही नाही.”

“उत्तम. पाणी असलं तर तळाला बसतं. पेट्रोल वर, पाणी खाली. इंजिनाला पाणी चालत नाही. रोज, प्रत्येक टाकीतून, तळातून काढून बघायचं.”

मी ती नळी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. तेलगिरणीत जाताना ही पाच इंचांची नळी माझ्या खिशात असती, तर माझं एक प्रमोशन तीन वर्षं लवकर झालं असतं.

बसताना मास्तरांनी पाकीट पुन्हा काढलं. तेच, लग्नपत्रिकेचं. “पाचशे वीस, एकशे चौऱ्याऐंशी, सत्तर लिटरचे पन्नास. सातशे चोपन्न. तीन किलो हातात आहेत. पिशवीत काय आहे?”

पिशवीत स्टीलचा डबा होता. बायकोनं पहाटे उठून बांधून दिलेले डिंकाचे लाडू. तिचं म्हणणं, आकाशात कुठे काही मिळतं का नाही कुणास ठाऊक. मास्तरांनी डबा काट्यावर ठेवला. साडेतीन.

“उतरवा.”

“अहो, अर्धा किलोच...”

“साहेब, तुम्ही बँकेत अर्धा रुपया सोडायचात का?”

डबा टपरीच्या बाकावर गेला. आम्ही दोघं आत शिरलो. ती केबिन जेमतेम एक मीटर रुंद. नव्वद आणि चौऱ्याण्णव किलोची माणसं तिच्यात शेजारी बसतात ती एकमेकांचा खांदा वापरून. मास्तरांनी दार दोनदा ओढलं तेव्हा लागलं. धावपट्टी संपत आल्यासारखी वाटली तेव्हा विमानानं नाइलाजानं जमीन सोडली. ती चाळीस मिनिटं कशी होती हे मला कुणी विचारलं की मी शेततळ्यांचं सांगतो. या तालुक्यात एका गावासाठी मी स्वतः सात शेततळ्यांची कर्जं मंजूर केली होती. सातही ठिकाणी गेलो होतो, निदान सात वेळा जीपमधून उतरून एकेका तळ्याच्या काठावर फोटो काढले होते. दोन हजार फुटांवरून ते गाव तळहातावर दिसत होतं. मी मोजली. पाच. परत मोजली.

“कंट्रोल तुमच्याकडे!” मास्तर हेडफोनमध्ये ओरडले. “साहेब, खाली काय बघताय? क्षितिज बघा, क्षितिज!”

“मास्तर, दोन तळी कमी आहेत.”

“नाक वर गेलंय!”

उतरलो. चाकामागे ठोकळे लागले, मीटर थांबला. पाय थरथरत होते, ते आनंदानं की शेततळ्यांच्या रागानं हे कळेना. त्या फोटोत दोनदा एकच तळं होतं, वेगवेगळ्या बाजूनं. टपरीवर आलो तर बाकावर डबा होता, झाकण बाजूला, आत डिंकाचे दोन कण. सहा पोरं रांगेत उभी, सगळ्यांच्या मिशांना तूप.

“काकूंना सांगा, एक नंबर,” त्यातला सगळ्यात हडकुळा म्हणाला. पुढचं उड्डाण त्याचंच होतं. तो हात पँटला पुसत विमानाकडे निघाला. मास्तरांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खिशातून नवं पाकीट काढलं.

“ए, तिकडे कुठे? आधी काट्यावर ये.”